भाचीचं बारसं गुरुवारी, अक्षर ‘रू’ : नावं सुचवा आणि तुमच्या घरी ती कशी उच्चारतात तेही लिहा

आत्या_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. भावाला मुलगी झाली. बारसं येत्या गुरुवारी आहे आणि कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगायचा मान माझा. स्वाती नक्षत्र, पहिलं चरण. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. म्हणजे आमच्या वाट्याला ‘रू’ आलं.

माझ्या मनात पहिल्या दिवसापासून ‘ऋचा’ होतं. वेदातली ऋचा. लहान, सरळ, अर्थाचं नाव. पण आमचं घर पडलं सोलापूरचं. आजी (आईची आई) अक्कलकोटकडची, तिच्या तोंडी कन्नड. वहिनीचं माहेर पूर्व भागात, तिच्या आईवडिलांचं सगळं तेलुगूत. आम्ही मराठीत. आणि माझ्या जाऊबाई मुंबईच्या, त्या फोनवर नाव ऐकून म्हणाल्या, “अय्या, रिचा! छान आहे.”

आजीला सांगितलं तर तिनं दोनदा ऐकून घेतलं आणि विचारलं, “रुचि? ऊटद रुचि?” म्हणजे जेवणाची चव का? मी समजावलं, तिनं मान हलवली. संध्याकाळी बाळाला तेल लावताना मात्र ती पुन्हा ‘रुचि रुचि’ म्हणूनच बोलत होती.

तेव्हापासून मला झोप नाही. जी बाई या मुलीला रोज न्हाऊमाखू घालणार, तिला नाव नीट घेता आलं पाहिजे असं मला फार वाटतं. नुसती यादी नको. तुमच्या घरातलं एखादं आवडतं नाव सांगा आणि आजी-आजोबा, शेजारपाजारचे, शाळेतले ते कसं म्हणतात तेही सांगा.

कडकभाकरी

अभिनंदन ताई! रेणुका ठेवा की. नाहीतर रेवती. दोन्ही लई गोड.

आत्या_जुळेसोलापूर

दोन्ही आवडतात हो, पण ‘रे’ दुसऱ्या चरणात जातं. आईला पहिल्या चरणाचंच अक्षर हवं आहे आणि तिचा एवढा शब्द मी मोडणार नाही.

शब्दवेडा

ऋ बद्दल थोडं लिहितो, कारण तुमच्या अडचणीचं मूळ तिथं आहे.

ऋ हा मुळात स्वर. तो मूळ उच्चार आज आपल्यापैकी कुणाच्याच बोलण्यात राहिलेला नाही. मराठीत त्याचा ‘रु’ झाला, हिंदीत ‘रि’. म्हणून आपली अमृता ती अम्रुता, तिकडची अम्रिता. आपली ऋतुजा ‘रु’नं सुरू होते, दिल्लीकडची ‘रि’नं. चांगली गोष्ट अशी की कन्नड आणि तेलुगू बोलणारेही बहुतेक ‘रु’च म्हणतात. कृष्ण म्हणताना पूर्व भागातला तेलुगू माणूस आणि बाळीवेशीतला कन्नड माणूस दोघंही क्रुष्ण म्हणतील. तेव्हा ऋचाला तुमच्या घरातल्या तिन्ही भाषांत ‘रुचा’च म्हणतील. ‘रिचा’ फक्त मुंबईच्या जाऊबाई आणि टीव्ही म्हणणार.

पत्रिकेच्या अंगानंही हे महत्त्वाचं आहे. ‘री’ हे अक्षर स्वातीचं नाही, चित्रेच्या चौथ्या चरणाचं. म्हणजे ऋ कसा म्हणता त्यावर नक्षत्र बदलेल! आपल्याकडे ‘रु’ म्हणतात म्हणून स्वातीला चालतं.

असाच दुसरा गुंता ज्ञ चा. मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, तेलुगूत आणि कन्नडमध्ये ग्न. माझ्या बहिणीचं नाव प्रज्ञा. कॉलेजात तिला प्रग्या म्हणणारे होते, प्रग्ना म्हणणारे होते. ती सगळ्यांना ओ द्यायची, पण घरी येऊन आईला सांगायची, “तू म्हणतेस तसंच माझं नाव आहे.”

आणि च-ज. आपल्या मराठीचं खास वैभव, पण लिपीत ते दिसत नाही. जिजाऊ म्हणून बघा. पहिला ज ‘जिरं’मधला आणि दुसरा ‘जाड’मधला. एका नावात दोन्ही! मराठी आईच्या पोटी जन्मलेल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगूनही पटकन जमत नाही. चांगुणातला च आणि चैत्रालीतला च असेच वेगळे.

पुण्यातसोलापूरकर

शब्दवेडा, अगदी मनातलं. माझं नाव जुई. ज ‘जुना’मधला, ‘जीव’मधला नाही. ऑफिसात निम्मे लोक दुसरा ज लावतात. आधी मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. आता फक्त जवळच्यांना सांगते, कारण जवळच्यांनी तरी फुलाचंच नाव घ्यावं असं वाटतं.

मुलीचं नाव जान्हवी ठेवलं. संस्कृतात ते जाह्नवी, जह्नु ऋषींची कन्या, ह आधी आणि न नंतर. मराठी तोंडाला न आधी येतो म्हणून आपण जान्हवी म्हणतो आणि लिहितोही. प्रह्लादाचा प्रल्हाद झाला तसंच. शाळेच्या अर्जावर एका बाईंनी ‘शुद्ध करून’ जाह्नवी लिहिलं, जन्मदाखल्यावर जान्हवी. ते एक अक्षर जुळवायला मला दोन महिने हेलपाटे घालावे लागले. लिहायचं ते एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

बालवाडीच्या_बाई

मी तेवीस वर्षं बालवाडीत आहे, पूर्व भागाजवळच्या वस्तीत. जूनचा पहिला दिवस म्हणजे माझी परीक्षाच असते.

एका वर्षी हजेरीची यादी इंग्रजीत छापून आली. मी वाचत गेले. एका नावाशी टी-एच होता, मी वाचलं ‘स्वाथी’. कुणी उत्तर दिलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्या रांगेत लाल रिबिनीची एक मुलगी पाटी छातीशी धरून बसली होती, तिनं इकडे-तिकडे पाहिलं, स्वाथी कोण आहे म्हणून. मी गैरहजरीची खूण केली. डबा खायच्या वेळी तिला जवळ घेऊन विचारलं, “नी पेरु एमिटि?” तेव्हा ती हळूच म्हणाली, “स्वाती.”

तेलुगू घरांत ‘त’साठी टी-एच लिहायची पद्धत आहे आणि ‘ट’साठी नुसता टी. आपल्याकडे टी-एच म्हणजे थ. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण मधल्या मध्ये चार वर्षांची मुलगी दिवसभर गैरहजर राहिली. ते मला अजून लागतं. तेव्हापासून पहिल्या दिवशी मी यादी वाचत नाही. प्रत्येक मुलाजवळ जाते, त्याच्या तोंडून नाव ऐकते आणि माझ्या वहीत देवनागरीत लिहून घेते.

तर आत्याबाई, नाव कोणतंही ठेवा. मूल तीन वर्षांचं झालं की त्याला स्वतःचं नाव मोठ्यानं, स्पष्ट सांगायला शिकवा.

साखरपेठेतली

बालवाडीच्या बाई, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही नावात टी-एच आहे आणि बँकेत मला अजून ‘कविथा’ म्हणून हाक मारतात.

आमच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांतलं थोडं सांगते, वहिनीच्या माहेरी उपयोगी पडेल. आमच्याकडे आडनाव आधी येतं, त्याला इंटिपेरु म्हणतात, म्हणजे घराचं नाव. त्यामुळे फॉर्म भरताना कुठलं नाव आणि कुठलं आडनाव याचा घोळ ठरलेला. जुनी नावं म्हणजे नरसय्या, राजय्या, व्यंकटेश, मार्कंडेय, लक्ष्मीनारायण. बायकांची अंबव्वा, लच्चम्मा, नरसम्मा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो तेव्हा गर्दीत एक ‘श्रीनिवास’ म्हणून ओरडून बघा, किती माना वळतात ते!

तेलुगूत शब्द स्वरावर संपतो. मराठीत आपण शेवटचा अ गिळतो, महेश् म्हणतो. माझी आई महेशु म्हणते. ती चूक नाही करत, तिच्या भाषेत नाव असं उघडं राहतं. म्हणून मुलीची आ-ई वर संपणारी नावं आमच्या घरात छान बसतात.

रू वरून आमच्याकडे रुक्मिणी आहे. माझी आजेसासू. सगळे तिला रुक्कम्मा म्हणायचे. विडी वळताना बोटं थांबायची नाहीत आणि तोंडानं नातवंडांना हाका चालू असायच्या.

जुनाबाळीवेसकर

आमच्या लिंगायत घरातलं सांगतो. गाव सिद्धरामेश्वरांचं. बारावं शतक, तेव्हाचं सोन्नलिगे, त्यांची वचनं कन्नडमध्ये आणि प्रत्येक वचनाखाली ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा. त्यामुळे आमच्या गल्लीत सिद्धाराम, मल्लिकार्जुन, रेवणसिद्ध, बसवराज, शिवशरण घरोघरी. बसव हे वृषभ शब्दाचंच कन्नड रूप, हे पुष्कळ मराठी मित्रांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. मुलींची महादेवी, नीलांबिका, शिवलीला, गंगव्वा.

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण सगळे ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हणतो ना, त्यातला दुहेरी र जसा दाबून म्हणतो तसाच आमच्या नावांतला जोड दाबून म्हणायचा असतो. मल्लप्पा, ईरण्णा, बसप्पा. ‘मलप्पा’ म्हटलं की नावातला जीव जातो. अप्पा म्हणजे वडील, अव्वा म्हणजे आई, अण्णा थोरला भाऊ. तान्ह्या पोराला मल्लप्पा म्हणतात तेव्हा त्याला आतापासूनच घरातल्या वडीलधाऱ्याचा मान दिलेला असतो.

तुमच्या आजीबद्दल एक सांगतो. जुन्या कन्नड माणसांच्या बोलण्यात ख, ध, भ असे जोरकस वर्ण हलके होतात. माझी आई राधाला रादा म्हणायची, भारतीला बारती. स्वतःच्या मुलाला, म्हणजे मला, ती सिद्दराम म्हणायची, कागदावर सिद्धाराम असलं तरी. आजीला सोपं जावं असं वाटत असेल तर महाप्राण, म्हणजे असे जोरकस वर्ण, नसलेलं नाव शोधा. ण आणि ळ ची चिंता करू नका, ते आम्हाला तुमच्याइतकेच येतात.

शब्दवेडा

सिद्धारामअण्णा, मान्य. पण माझं एक मत आहे. नावाचा अर्थ उच्चारात असतो. आईवडिलांनी विचार करून नाव ठेवायचं आणि लोकांनी ते वाकवायचं, हे मूकपणे सोसू नये. आजी-आजोबांचं ठीक, पण शाळा, दवाखाना, ऑफिस यांनी नाव विचारून घ्यायलाच हवं. चुकलं तर दुसऱ्यांदा सांगावं, तिसऱ्यांदा सांगावं.

जुनाबाळीवेसकर

त्यात दुमत नाही. पण वाकवणं आणि आपलंसं करणं यात फरक आहे. आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभं राहून ती चार नावं एकदा मोठ्यानं वाचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकत्र फाशी दिलं. एक नाव कन्नड वळणाचं, एक उर्दू, एक मारवाडी, एक मराठी. श्रीकिसनमधला किसन म्हणजे कृष्णच, त्या घरातल्या तोंडानं घडवलेला. त्याला कुणी ‘श्रीकृष्ण’ असं दुरुस्त केलं नाही आणि करूही नये. मला लहानपणी वडिलांनी ती नावं पाठ करायला लावली होती, प्रत्येक नाव त्या-त्या घरात म्हणतात तसं.

कडकभाकरी

अण्णा, काटा आला अंगावर.

नावांवरून आठवलं. आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ ला चीनला गेले, तिकडेच लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन्ही देश एका पोराच्या नावात! त्याच वर्षी डिसेंबरात डॉक्टर गेले. पोरगं तीन-चार महिन्यांचं होतं.

आत्या_जुळेसोलापूर

हे मला माहीत नव्हतं. भावाला वाचून दाखवलं, तो बराच वेळ बाळाकडे बघत बसला.

विजापूरवेस

अस्सलाम, नमस्कार. मी रोज वाचतो, आज लिहितोय.

उर्दूत ‘ज़’ या एका आवाजाला चार अक्षरं आहेत. ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय. लिहिताना वेगळी, बोलताना एकच. मराठीत आलं की त्याचा ज तरी होतो नाहीतर झ. माझ्या बहिणीच्या रेशनकार्डावर झैनब आहे आणि आधारवर जैनब. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्यानं मनापासून ऐकून लिहिलं, अक्षरच नव्हतं त्याच्याकडे.

माझ्या मुलीचं नाव रुकय्या. पैगंबरांच्या लेकीचं नाव. त्यातला ‘क’ घशातून खोल यायला हवा, मौलवीसाहेब तसाच म्हणतात. पण आपल्या दखनी बोलीत त्या खोल क चा ख होतो. माझी अम्मी तिला रुखय्या म्हणते. शेजारच्या मराठी काकू रुकू म्हणतात.

तुमचा धागा वाचताना मनात आलं. तुमच्याकडे रुक्मिणी आहे ना, पंढरपूरला तिची रखुमाई होते. तिथंही क चा ख! माझ्या अम्मीनं रुकय्याची रुखय्या केली आणि वारकऱ्यांनी रुक्मिणीची रखुमाई केली. दोन्ही प्रेमानंच झालं असणार. साखरपेठेतल्या ताईंनी रुक्कम्मा लिहिलंय. मला तर वाटतं हे नाव तुमच्या घरासाठीच आहे. ऋ नाही, ज्ञ नाही, च-ज नाही.

जुनाबाळीवेसकर

आणि महाप्राणही नाही! आमच्याकडे रुक्मव्वा, रुक्कव्वा. आजीला विचारा, तिच्या माहेरी एखादी नक्की असेल.

पुण्यातसोलापूरकर

जुनं वाटेल का? वर्गात अन्वी, स्वरा, इरा असणार.

बालवाडीच्या_बाई

माझ्या वर्गात यंदा दोन इरा आणि तीन स्वरा आहेत, सगळ्या गोड. पण गेल्या काही वर्षांत मुक्ता, रमा, राधा, यमुना अशी नावं परत येऊ लागली आहेत आणि मुलं त्यांना जुनं म्हणत नाहीत. मुलांना सगळी नावं सारखीच नवी.

आत्या_जुळेसोलापूर

विजापूरवेस दादा, तुमचं लिहिणं वाचून मी उठले आणि आजीच्या खोलीत गेले. म्हटलं, “अज्जी, रुक्मिणी?” तिनं लगेच म्हटलं, “रुक्मिणी. नन्न अक्का.” म्हणजे ‘माझी थोरली बहीण’. मला कधीच माहीत नव्हतं. ती लहानपणीच गेली, देवीच्या साथीत. आजी तिला रुक्कव्वा म्हणायची. इतक्या वर्षांत घरात तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

वहिनीला विचारलं. तिनं आईला फोन लावला. पलीकडून ‘रुक्कम्मा’ ऐकू आलं आणि वहिनी हसली.

माझी ऋचा मनातच राहील, थोडं वाईट वाटतंय. पण नाव ठरलं.

आता एक विचारते. दाखल्यावर इंग्रजीत आर-यू-के-एम-आय-एन-आय लिहायचं की के नंतर एच? मामा म्हणतात एच घाला, आपण रुख्मिणीच म्हणतो.

शब्दवेडा

एच नको. घातला की कन्नड-तेलुगू घरात आणि बाहेरगावी वाचणारा अडखळणार.

पुण्यातसोलापूरकर

एच नकोच. आणि नोंदीबद्दल माझ्या हेलपाट्यांतून शिकलेलं सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, तेव्हा नाव ठरलं नसलं तरी चालतं. १९६९ च्या कायद्याप्रमाणे नाव बारा महिन्यांपर्यंत शुल्क न भरता घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा लागतो. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने असतात. सही करण्याआधी दोन्ही बोट ठेवून वाचा. मराठीत ‘णी’ दीर्घ आहे का, ‘रु’ ऱ्हस्व आहे का ते पाहा.

साखरपेठेतली

रुक्मिणीत रु ऱ्हस्व आणि अक्षर दीर्घ ‘रू’, चालतं ना?

आत्या_जुळेसोलापूर

गुरुजींना विचारलं. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही त्याच चरणात धरतात म्हणाले.

विजापूरवेस

मुबारक हो ताई. रुकय्या विचारतेय, बाळ कधी बघायला यायचं.

आत्या_जुळेसोलापूर

उद्याच या. मुलीलाही आणा, अम्मींनाही.

आत्या_जुळेसोलापूर

आज बारसं झालं. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झालं, मी कानात नाव सांगितलं, वहिनीच्या बहिणींनी आणि माझ्या मावश्यांनी पाठीत इतके धपाटे घातले की अजून दुखतंय. घुगऱ्या वाटल्या. आईनं पाळणा म्हटला. मग वहिनीच्या आई पाळण्याशी आल्या आणि “रुक्कम्मा” म्हणून त्यांनी काळी तीट लावली.

आजी सगळ्यांच्या शेवटी उठली. तिला भिंत धरून यावं लागतं. पाळण्याची दोरी हातात घेऊन तिनं वाकून हाक मारली, “रुक्कव्वा, बा इल्लि.” इकडे ये. खोलीत एकदम शांत झालं. बाळानं झोपेतच मूठ उघडली आणि पुन्हा मिटली. आजीनं दुसऱ्यांदा हाक मारली, थोडी मोठ्यानं.